मुंढ्याच्या शिवणी

३ मार्च, सोमवार

सात महिने या वहीकडे फिरकले नाही, चुकलंच. छापखाना बंद झाला त्या दिवशी ‘आज शेवटचा फर्मा तपासला’ एवढं लिहून जी मिटली, ती आज उघडतेय. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी केल्यावर स्वतःविषयी लिहायला बसलं की प्रत्येक वाक्यासमोर समासात प्रश्नचिन्ह करावंसं वाटतं. म्हणून टाळत गेले.

दरम्यान एक उद्योग सुरू झालाय. वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, गोधड्या फार सुरेख शिवतात. लोक आमच्याकडे जपून ठेवलेले कपडे आणतात. गेलेल्या माणसांचे, मोठ्या झालेल्या मुलांचे, आता कधीच अंगात न येणारे. मी ते उसवते, इस्त्री करते, चौकोन कापते. वन्सं मांडणी करतात आणि धावदोरा घालतात. शेवटी मागच्या बाजूला एक पांढरी सुती पट्टी शिवतो. तिच्यावर मी धुऊन न जाणाऱ्या शाईने त्या कपड्यांची हकिकत लिहिते. आतापर्यंत चौदा गोधड्या झाल्या. पुढची खोली कपड्यांनी भरलीय. जेवणाच्या टेबलावर कापणी चालते आणि आम्ही जेवतो मांडीवर ताट घेऊन.

पट्टीवर तपासल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही, असा माझा नियम आहे. एका बसड्रायव्हरने सांगितलं, चाळीस वर्षांत एकही अपघात नाही. मी डेपोत जाऊन विचारलं. एकोणचाळीस वर्षं आणि एक भिंत निघाली. तो हसला, म्हणाला, भिंतीचंही लिहा. वन्सं मात्र वैतागल्या. म्हणाल्या, “गोधडी पांघरायची आहे की कोर्टात दाखल करायची आहे?”

वन्सं आमच्याकडे राहायला आल्या त्याला एकोणीस वर्षं झाली. सासरी पटलं नाही, एवढंच मला माहीत आहे. स्वभाव तापट आहे, हे खरंच.

७ मार्च

आज दातांचे डॉक्टर आले होते. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा मुलगा. सर गेल्या वर्षी गेले. दहा एप्रिलला शाळेच्या नव्या सभागृहाला त्यांचं नाव देणार आहेत, आणि तिथे काचेच्या चौकटीत एक गोधडी लावायची आहे. सरांचे शर्ट आणि काकूंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, कपडे, दोन्ही मिळून. “आईबाबांचा संसार दिसला पाहिजे, ताई. तुम्ही बाबांच्या विद्यार्थिनी, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?”

मला गहिवरून आलं, ते का लपवू? माझे बाबा मला दहावीनंतर शिकवायला तयार नव्हते. सर घरी आले, खुर्चीच्या कडेवर तासभर बसले आणि बाबांकडून कॉलेजचा होकार घेऊनच उठले. मी आज जी काही आहे, ती त्या तासामुळे.

पट्टीचा मजकूर बसल्याबसल्या सुचला. ‘शिस्त आणि माया एकाच धाग्यात ओवणारा संसार.’ तपासलं नाही. माझ्या स्वतःच्या आठवणी काय तपासायच्या?

१० मार्च

काकू स्वतः कपडे घेऊन आल्या. वय एकोणऐंशी, दोन जिने चढून आल्या आणि दम लागल्याचंही कबूल करेनात. एका पिशवीत सरांचे शर्ट, दुसरीत त्यांचे स्वतःचे लांब बाह्यांचे झगे. सुती, चौकडीचे, बारीक फुलांचे. शर्टांची पिशवी त्यांनी दाराशीच ठेवली. झग्यांची मात्र माझ्या मांडीवर दिली.

“हे नीट बघ हं. घाईघाईने कापू नकोस.”

मी म्हटलं, काकू, आमची कापणी चोख असते.

“चोख असते म्हणूनच सांगतेय,” त्या म्हणाल्या.

वयोमानाने माणसं किरकिरी होतात. चहा अर्धा ठेवून गेल्या.

१३ मार्च

उसवणं आणि कापणं संपलं. काकूंच्या प्रत्येक झग्याचा उजवा मुंढा, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तो गोल, फाटून पुन्हा शिवलेला होता. काही दोनदा, एक तर चारदा. टाके मात्र विलक्षण. बारीक, घट्ट, एका मापाचे. मी वन्संना दाखवलं आणि म्हटलं, उजव्या हाताने जड पिशव्या उचलत असणार.

वन्संनी तो मुंढा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. “पिशव्यांनी मुंढा फाटत नाही,” एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मला वाटलं होतं टाके बघून खूश होतील. शिवणकामाचा एवढा अभिमान असलेल्या बाईला दुसरीचं चांगलं बघवत नाही की काय, असंही मनात आलं. लिहून ठेवते, कारण विचार क्षुद्र होता.

आमच्या पद्धतीप्रमाणे शिवणी आणि ठिगळं कापून टाकली. झिजलेला भाग गोधडीत घालायचा नाही. ओढ बसली की तिथेच आधी उसवतं.

२४ मार्च

गोधडी पूर्ण झाली. मधोमध सरांचे पांढरे आणि निळे शर्ट, भोवती काकूंची फुलं. नवरा म्हणाला, ही आपली सगळ्यात देखणी. मलाही तसंच वाटतं. वन्सं सुया मोजून डबीत ठेवत होत्या. हल्ली जेवताना गप्प असतात.

२६ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून काढते.

काकू गोधडी बघायला आल्या. आम्ही ती टेबलावर पसरली. त्यांनी चष्मा लावला, चहूबाजूंनी फिरल्या, एकेका फुलावर बोट ठेवत गेल्या. मग म्हणाल्या, “माझ्या शिवणी कुठे आहेत?”

“कुठल्या शिवणी, काकू?”

“मुंढ्यांच्या.”

मी समजावून सांगितलं की तो भाग कमजोर असतो, म्हणून आम्ही काढून टाकतो.

“कमजोर? मी शिवल्यात त्या. माझी शिवण एकदाही त्याच जागी पुन्हा उसवली नाही. दर वेळी शेजारचं कापड फाटलं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तुला कपडे कशाला दिले असं वाटलं? फुलं बघायला? फुलं दुकानातही मिळतात.”

मी अजून न शिवलेली पट्टी वाचून दाखवायला पुढे झाले. आता आठवून कानशिलं तापतात. ‘शिस्त आणि माया’पर्यंत वाचलं असेन.

“शिस्त बरोबर आहे,” काकू म्हणाल्या. “सदतीस वर्षं. चहा गार झाला, शिस्त. बोलावल्यावर पाठ फिरवली, शिस्त. उलट उत्तर दिलं तर जरा जास्त शिस्त. मग रडून झालं की सुई घ्यायची. सकाळी शाळेसमोरून जायचं असायचं. मुख्याध्यापकांची बायको फाटक्या बाहीने कशी जाणार?”

 हातातली पट्टी कुठे ठेवावी ते कळेना.

“सर असे...” मी म्हटलं.

“तुला माहीत नव्हतं. मी कुणाला माहीत होऊ दिलं नाही. तेच शिवत होते मी, एवढी वर्षं.” त्यांनी गोधडीची घडी घातली आणि काखेत मारली. “ही नेते. खुर्चीवर अंथरायला होईल. सभागृहात ही लागणार नाही.”

२७ मार्च

लाज वाटते, तरी खरं ते लिहायला हवं. काकूंवर माझा पूर्ण विश्वास बसत नाहीये. एका बाजूचंच ऐकलंय. दुसरी बाजू मांडायला सर नाहीत. त्या खुर्चीच्या कडेवर बसलेला माणूस आणि हा माणूस एकच कसा असेल? वन्संना हे बोलून दाखवलं.

“बसड्रायव्हरची भिंत तपासलीस ना? मग हेही तपास,” त्या म्हणाल्या. “पण सरांच्या बाजूने सुरुवात करू नकोस.”

“मी कुणाच्याच बाजूने नाही.”

“तू पट्टी त्यांच्या बाजूने लिहिलीस. काकूंनी तोंड उघडायच्या आधी.”

हे खरं आहे. माझ्या चुका शोधायला मला दुसरा मुद्रितशोधक लागतो.

२८ मार्च

तपासलं.

माझा एक जुना सुती झगा घातला आणि नवऱ्याला म्हटलं, बाही ओढ. “हा काय खेळ आहे?” म्हणत त्याने समोरून ओढली. काही झालं नाही. आणखी जोरात ओढायला सांगितलं. बाही ताणली, शिवण जागची हलली नाही. मी म्हटलं, बघ, अशी फाटत नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

वन्सं दारात उभ्या होत्या. “समोरून नाही,” त्या म्हणाल्या. “माणूस खोलीतून जायला निघतं, तेव्हा ओढतात. तू पाठ फिरव. चालायला लाग. आणि तू,” नवऱ्याला म्हणाल्या, “कोपराच्या वर धर. मग झटका दे.”

मी चार पावलं टाकली. झटका बसला आणि टर्रकन आवाज झाला. काढून बघितलं. मागच्या बाजूने खांद्याकडे चढत गेलेलं, थेट काकूंच्या झग्यांवर होतं तसं.

नवरा खुर्चीत बसला. चेहरा उतरला होता. “असलं काही मला परत करायला सांगू नकोस,” म्हणाला. माझ्याकडे नाही, दाराकडे बघत. पण तोवर वन्सं आत गेल्या होत्या. हा एवढा का हलला? एका जुन्या झग्यासाठी?

काकू खरं सांगतात. माझी पट्टी खोटी होती. आणि त्या शिवणी मी माझ्याच हातांनी कचऱ्यात टाकल्या आहेत. कचऱ्याची गाडी येऊन गेल्याला दोन आठवडे झाले.

२९ मार्च

शिवणी गेलेल्या नाहीत.

काकूंकडे जाऊन कबुली द्यायची म्हणून चपला घालत होते, तर वन्संनी एक फुगलेला उशीचा अभ्रा आणून माझ्या पायाशी टाकला. आत मुंढे. सगळे.

“तुम्ही ठेवले होते?”

“तू टाकत होतीस.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तू म्हणालीस पिशव्या,” वन्सं म्हणाल्या. “पिशव्या म्हणणाऱ्यांना काय सांगायचं असतं?”

मी दुसरी चप्पल पायात सरकवली. मग आम्ही दोघी अभ्रा घेऊन काकूंकडे गेलो. त्यांचं घर शाळेच्या फाटकासमोर, पहिल्या मजल्यावर. काकूंनी मुंढे जमिनीवर मांडले, कुठला केव्हाचा ते न अडखळता सांगत गेल्या. अकरा झगे. मी लिहून घेतलं.

“आता यांचीच गोधडी करा,” म्हणाल्या. “शिवण वरच्या अंगाला. लपवायची नाही. आणि ती सभागृहात लागेल.”

४ एप्रिल

काकू रोज येतात आणि टेबलाच्या एका बाजूला बसून धावदोरा घालतात. दुसऱ्या बाजूला वन्सं. मी मध्ये मुंढ्यांचे तुकडे जुळवते आणि दोघींची बोलणी खाते.

“ही मुलगी टाका घालते की पेरणी करते?” काकू.

“शिकलेली आहे हो,” वन्सं म्हणतात. “तिला प्रत्येक टाक्याचा पुरावा लागतो.”

दोघी हसतात. वन्संना इतकं हसताना मी क्वचितच पाहिलंय. काय बोलतात ते सगळं मला ऐकू येत नाही. मी चहा घेऊन आले की विषय बदलतो.

जाड शिवणींतून सुई जात नाही. वन्सं बोटात अंगुस्तान घालून ती रेटतात. गोधडी चपटी होतच नाही. सगळीकडे उंचवटे, व्रण भरून आल्यासारखे. देखणी नाही. तिच्यावरून हात फिरवला की काढवत नाही.

पट्टीवर काय लिहायचं यावरून वाद झाला. मी सुचवलं, ‘एका गृहिणीची सहनशीलता’. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच खोडलं. त्यांनी सांगितलं ते असं: ‘मुख्याध्यापकांनी ओढले. मी शिवले. सदतीस वर्षं.’ मी विचारलं, ‘पतीने’ लिहूया का? “नको. सगळे त्यांना मुख्याध्यापक म्हणतात, मीही तेच म्हणणार.”

मी तसंच लिहिलं. खाली माझी सही केली. आधीच्या चौदा पट्ट्यांवर ती नाही.

६ एप्रिल

डॉक्टर आले. कुणीतरी सांगितलं असावं. काकू टेबलाशीच होत्या.

त्यांनी पट्टी वाचली. आधी माझ्याशी बोलले, फार सौम्यपणे. “ताई, तुम्ही सुशिक्षित आहात. बाबांमुळे कॉलेजला गेलात, हे तुम्हीच सांगता. गेलेल्या माणसाशी असं वागायचं?”

हाच प्रश्न मी दहा दिवस स्वतःला विचारत होते, त्यामुळे उत्तर तयार असायला हवं होतं. नव्हतं. मी म्हटलं, “त्यांचे उपकार मी विसरले नाही. त्यांची वेगळी पट्टी लिहीन, तीही खरी असेल. पण ती या गोधडीवर शिवणार नाही.”

“शाळेची समिती ही लावू देणार नाही. तुमच्याकडे मग कोण कपडे देईल, याचाही विचार करा.”

“केलाय,” मी म्हटलं. केला नव्हता. आता करतेय.

मग ते आईकडे वळले. “आई, घरातलं घरात राहू दे ना.”

काकूंनी सुई कापडात खोचून ठेवली. “घरातच होतं रे. सुईत दोरा कोण ओवून द्यायचं?”

डॉक्टरांनी त्या सुईकडे पाहिलं.

“माझे हात थरथरायचे. मला जमायचं नाही. सहा वर्षांचा होतास तेव्हापासून तूच ओवायचास. जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून. चांगला ओवायचास.”

डॉक्टरांचे हात टेबलावर होते, ते त्यांनी खाली घेतले. दाराशी जाऊन चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. 

८ एप्रिल

समितीचं पत्र आलं. सभागृहात गोधडी लावणं ‘प्रसंगास अनुरूप’ होणार नाही. चौकटीत आता सरांचा फोटो लागेल. आज दोघांनी आपले कपडे परत नेले. एकीने तोंडावर सांगितलं, “आमच्या कपड्यांत काय काय शोधाल, सांगता येत नाही.” मी पिशवी नीट भरून दिली. भीती वाटतेय, नाही असं नाही. नवऱ्याला म्हटलं, उद्योग बुडाला तर? तो म्हणाला, “ताई इतक्या वर्षांनी हसतेय. बुडू दे.”

काकूंना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “सभागृहात नाही म्हणालेत ना? माझ्या गॅलरीचं काही लिहिलंय?”

“नाही.”

“मग झालं.”

१० एप्रिल

सकाळी आठला वन्सं आणि मी काकूंकडे पोचलो. गॅलरीच्या कठड्यावरून गोधडी बाहेर सोडली, वरची कड आत दोरीने बांधली. शिवणी रस्त्याकडे. पट्टी मागे असते, पण आज ती पुढच्या बाजूला, खालच्या कडेला शिवून आणली होती. मी ती ठळक अक्षरांत पुन्हा लिहिली होती, फुटपाथवरून वाचता यावी म्हणून. अक्षरं सरळ आली. 

काकू गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. खाली ती पहिली, देखणी गोधडी अंथरलेली.

नऊपासून पाहुणे यायला लागले. फाटकाशी थांबायचे, वर बघायचे, वाचायचे. काही मान खाली घालून आत गेले. माझ्या वर्गातली एकजण होती. तिने मला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही. एक बाई बराच वेळ उभी राहिली. तिने एकदा आपल्या दंडाला हात लावला, मग नवऱ्याच्या मागोमाग आत गेली.

समितीतले एक गृहस्थ जिना चढून आले. “काकू, निदान कार्यक्रम संपेपर्यंत तरी काढा.”

“कार्यक्रम संपेपर्यंतच ठेवणार आहे,” काकू म्हणाल्या. “नंतर मला पांघरायला लागेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरीची गाठ आणखी आवळली. यापेक्षा शहाणं उत्तर मला सुचलं नाही.

डॉक्टर शेवटी आले. फाटकासमोर थांबले. वारा सुटला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “आई, डावं टोक सुटतंय.” मग आत गेले. वन्संनी वाकून टोक बांधलं.

मी पट्टी बरोबर लागलीय ना, ते बघायला रस्त्यावर उतरले होते. सवयीने मुंढे मोजले. झगे अकरा. माझ्या टिपणातही अकरा. पण गोधडीत कापडं बारा भरली. पुन्हा मोजली. तुकडे मी जुळवले होते, मग हे केव्हा झालं? मी चहा करायला उठले तेव्हाच. बारावं कापड वरच्या ओळीत, कडेला. राखाडी, त्यावर पिवळे ठिपके. काकूंचं नाही. त्या मुंढ्यावरचे टाकेही त्यांचे नाहीत. हे टाके मी रोज बघते.

असं कापड मी एकदाच पाहिलंय. एकोणीस वर्षांपूर्वी, आमच्या दारात, एका पिशवीनिशी उभ्या असलेल्या वन्संच्या अंगावर. तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, “किती दिवस राहणार?” आणि त्यानंतर काहीही विचारलं नाही. पटलं नाही असं लिहून मोकळी झाले. वही पुन्हा उघडली त्या पहिल्याच दिवशी लिहिलंय.

वर पाहिलं तर वन्सं कठड्याशी उभ्या होत्या. मी मोजतेय, हे त्यांनी पाहिलं होतं. नजर वळवली नाही. मीही नाही.

संध्याकाळी दोघी चालत घरी आलो.  फार काही बोलायचं राहिलंय असंही नाही, सगळं लिहायचंच राहिलंय.

उद्या : पांढऱ्या कापडाची एक नवी पट्टी कापून, धुऊन, इस्त्री करून वन्संच्या हाताशी ठेवायची. कोरी.